घराबाहेर नाताळचे दिवे लावणे : माळा, क्लिपा, शिडी आणि वीजजोडणी

ओसरी

नमस्कार मंडळी. या उन्हाळ्यात आम्ही मध्य न्यू जर्सीत दोन मजली घर घेतले आणि अपार्टमेंटमधून इकडे राहायला आलो. आमच्या गल्लीत डिसेंबरमध्ये जवळजवळ प्रत्येक घरावर दिव्यांच्या माळा असतात, असे शेजारच्या आजींनी सांगितले आहे आणि तेव्हापासून आमची दोन्ही मुले माझ्यामागे लागली आहेत. आमचा विचार असा आहे की, दिवाळीला माळा लावाव्यात आणि त्या नाताळ संपेपर्यंत तशाच ठेवाव्यात. यंदा, 2025 मध्ये, दिवाळी ऑक्टोबरच्या 20 तारखेच्या सुमारास असल्यामुळे हातात फार दिवस नाहीत.

माझे प्रश्न असे आहेत. घराला व्हायनिल साइडिंग (भिंतींवरचे प्लास्टिकच्या पट्ट्यांचे आवरण) आहे आणि पन्हळ ॲल्युमिनियमची आहे. तिथे खिळे न ठोकता माळा कशा अडकवायच्या? बाहेर एकच सॉकेट आहे, पुढच्या दाराशेजारी. त्यावर किती माळा चालतील? आणि शेवटचा, मला सर्वांत जास्त छळणारा प्रश्न : दुसऱ्या मजल्याच्या छतापर्यंत आपण स्वतः चढावे की ते काम पैसे देऊन करून घ्यावे? ज्यांनी हे केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

फ्यूजवाला

ओसरी, नव्या घराबद्दल अभिनंदन. व्यवसायाने मी विद्युत अभियंता आहे, त्यामुळे सॉकेटपासून सुरुवात करतो; आणि तुम्हीही तिथूनच करावी, असा माझा आग्रह राहील. बहुतेक जण आधी दुकानात जाऊन माळा आणतात, मग शिडी लावतात आणि वीज कुठून घ्यायची हा विचार शेवटी करतात. त्यापेक्षा सॉकेटपासून पहिल्या दिव्यापर्यंतचा रस्ता आधी आखून घ्यावा आणि मगच छताची लांबी मोजावी.

बाहेरचे सॉकेट जीएफसीआय संरक्षणाखाली असायलाच हवे. गळणारा प्रवाह साधारण 5 मिलिअँपिअरच्या आसपास गेला की ते वीज तोडते, आणि ओल्या हिरवळीवर उभे राहून प्लग हाताळणाऱ्या माणसाचा जीव त्यावरच अवलंबून असतो. त्यावरचे 'टेस्ट' बटण दाबून पाहा. सॉकेटवरचे झाकण साधे असेल, तर प्लग आत असतानाही बंद होणारे फुगीर झाकण बसवून घ्या.

आता भाराचा हिशेब. ब्रेकर 15 अँपिअरचा असेल, तर तासन् तास चालणारा भार त्याच्या 80 टक्क्यांवर, म्हणजे 12 अँपिअरवर थांबवावा. 120 व्होल्टला हे 1440 वॉट झाले. जुन्या तारेच्या दिव्यांतला सी-9 आकाराचा मोठा बल्ब 7 वॉट घेतो, म्हणजे 100 बल्बांना 700 वॉट. अशा दोन ओळी लावल्या की मर्यादा गाठलीच, आणि त्याच ब्रेकरवर गॅरेजमधला फ्रीजही असू शकतो. एलईडीचा सी-9 बल्ब एक वॉटपेक्षा कमी घेतो, त्यामुळे एका सॉकेटवर तुमचे सगळे घर आरामात उजळेल. तरीही एकापुढे एक किती माळा जोडायच्या, याची मर्यादा त्या माळेच्या चिठ्ठीवर छापलेली असते, आणि तीच पाळायची. कारण ब्रेकर सहन करील तेवढे माळेची बारीक वायर सहन करीलच, असे नाही.

खरेदी करताना यूएलची, म्हणजे सुरक्षिततेची चाचणी करणाऱ्या संस्थेची, खूण पाहावी. लाल खूण असेल तर माळ घरात आणि बाहेर दोन्हीकडे चालते, हिरवी असेल तर फक्त घरात. एक्स्टेंशन कॉर्डही बाहेर वापरायचीच घ्यावी. तिच्या वायरीवर छापलेल्या अक्षरांत 'डब्ल्यू' असतो.

सांजवात

खर्चाच्या बाबतीत फ्यूजवाल्यांच्या हिशेबाला पुढे नेते. 100 सी-9 बल्ब रोज सहा तास, 40 दिवस चालले, तर जुन्या बल्बांना 168 युनिट लागतात. युनिटला 20 सेंट धरले तर साधारण 34 डॉलर होतात. एलईडी 0.7 वॉटची धरली, तर तोच खर्च साडेतीन डॉलरच्या आत राहतो.

मिनेसोटाकर

ओसरी, दिवाळीच्या आधी माळा लावण्याचा तुमचा विचार उत्तम आहे. आमच्याकडे तर दुसरा पर्यायच नसतो. कडक थंडीत माळेच्या वायरीवरचे प्लास्टिक इतके ताठ होते की गुंडाळीतून सुटलेला पीळ सरळच होत नाही. हातमोजे घालून क्लिप दाबता येत नाही आणि काढले तर बोटे बधिर होतात. ऑक्टोबरच्या दुपारी तेच काम निवांत होते. माळा लावायच्या आधी पन्हळीतला पालापाचोळा काढून टाका, कारण नंतर तो काढताना क्लिपा आड येतात.

खिळे आणि स्टेपल यांचे नावही काढू नका. स्टेपल वायरीच्या आवरणात घुसते आणि साइडिंगला पडलेल्या भोकातून पाणी आत जाते. दुकानात प्लास्टिकच्या अशा क्लिपा मिळतात, ज्यांचे एक टोक पन्हळीच्या ओठावर बसते आणि तीच उलटी धरली तर छतावरच्या कौलासारख्या शिंगलखाली सरकते. प्रत्येक बल्बाला एक क्लिप लावावी. क्लिपा वाचवल्या की दोन बल्बांच्या मध्ये माळ पोट सोडते आणि रस्त्यावरून पाहताना सगळी ओळ वाकडी दिसते. चुंबकाच्या क्लिपा मात्र तुमच्या कामाच्या नाहीत, कारण ॲल्युमिनियमला चुंबक धरत नाही.

पन्हळीवर जाळी बसवलेली आहे का, तेही पाहून घ्या. असेल, तर साध्या क्लिपेला पकडायला ओठच उरत नाही आणि वेगळ्या आकाराच्या क्लिपा आणाव्या लागतात.

निळीशाई

मागच्या भारतवारीत मी मुंबईच्या लोहार चाळीतून फार सुंदर माळा आणल्या आहेत, मोगऱ्याच्या कळ्यांच्या आकाराच्या. त्या कन्व्हर्टर लावून इथे बाहेर लावता येतील का?

फ्यूजवाला

निळीशाई, बाहेर तर नकोच. त्या माळा 230 व्होल्टसाठी बनवलेल्या असतात. इथल्या 120 व्होल्टवर त्या मिणमिणतील किंवा पेटणारच नाहीत. व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर लावला तर पेटतील, परंतु मग पावसात आणि बर्फात भिजणाऱ्या बारीक वायरीत तुम्ही इथल्या नेहमीच्या दुप्पट दाबाची वीज खेळवत आहात, आणि त्या माळेवर इथल्या कुठल्याही चाचणीची खूण नाही. उद्या आग लागली, तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारील. अगदीच मोह आवरत नसेल, तर योग्य क्षमतेच्या ट्रान्सफॉर्मरवर देवघराजवळ, कोरड्या जागी, तुम्ही घरात जाग्या असताना लावा.

परसदार

एलईडीचे सगळे फायदे मान्य करूनही माझे मत नोंदवतो. दुकानातल्या स्वस्त एलईडी माळांचा पांढरा उजेड निळसर असतो आणि घर दवाखान्यासारखे दिसते. जुन्या काचेच्या बल्बांचा तांबूस, ऊबदार प्रकाश बर्फावर पडला की जो रंग येतो, त्याची सर याला नाही. त्यात काही एलईडी माळा लुकलुकतात. नजर एका जागेवरून दुसरीकडे वळवली की ते लगेच जाणवते.

फ्यूजवाला

परसदार, दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि दोन्हींवर उपाय आहे. रंगासाठी खोक्यावर 'वॉर्म व्हाइट' आणि 2700 केल्व्हिनच्या आसपासचा आकडा पाहून घ्यावे. लुकलुकण्याचे कारण असे की, स्वस्त माळेत विजेच्या लहरीचा अर्धाच भाग वापरला जातो, त्यामुळे दिवा सेकंदाला 60 वेळा विझतो. दोन्ही अर्ध वापरणाऱ्या माळेत हे 120 वेळा होते आणि बहुतेकांच्या डोळ्यांना ते कळत नाही. अशा माळा खोक्यावरच्या 'फुल वेव्ह' या शब्दांवरून ओळखता येतात.

ओसरी

सर्वांचे आभार. अर्धी माळ पेटते आणि अर्धी पेटत नाही, असे का होते? जुन्या घरमालकांनी गॅरेजमध्ये काही माळा सोडल्या आहेत, त्यांतल्या दोन अशा आहेत.

फ्यूजवाला

त्या लहान बल्बांच्या 100 दिव्यांच्या माळा असाव्यात. त्यात 50-50 दिव्यांचे दोन गट असतात आणि प्रत्येक गटातले दिवे एकामागे एक जोडलेले असतात. 120 व्होल्ट 50 दिव्यांत वाटले जाऊन प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे अडीच व्होल्ट येतात. एक बल्ब त्याच्या खाचेतून ढिला झाला की गटातला प्रवाह तुटतो आणि पन्नासही दिवे जातात. बल्ब नुसता जळाला असेल, तर आतली एक बारीक तार मार्ग चालू ठेवते आणि बाकीचे पेटत राहतात, परंतु त्या प्रत्येकावर दाब थोडा वाढतो. म्हणून जळालेले बल्ब तसेच ठेवू नयेत, नाही तर पुढचे भराभर जातात.

माळ प्लगमधून काढून एकेक बल्ब दाबून पाहा. संपूर्ण माळ मेली असेल, तर प्लगच्या सरकत्या झाकणाखाली बारीक फ्यूज असतात, ते तपासा. वायरीचे आवरण तडकलेले दिसले, तर मात्र दुरुस्तीच्या फंदात न पडता माळ टाकून द्यावी.

वसईचावारा

मी मूळचा वसईचा ख्रिस्ती, सध्या कॅनडात मिसिसागाला राहतो. हा धागा वाचून फार बरे वाटले. आमच्या गावात नाताळच्या आधी दारावर किंवा माडावर उंच बांबूला तारा चढतो आणि अंगणात येशूजन्माच्या देखाव्याची गव्हाण उभी राहते. बांबूच्या कामट्या तासून, बांधून, त्यावर कागद चिकटवायचा आणि आत बल्ब सोडायचा, हे काम घरातली मोठी मुले करत. गोव्यातही असेच तारे घरोघरी लागतात. इथे आल्यावर मी छताच्या माळा लावायला शिकलो, परंतु ओसरीवर तारा हवाच. शेजारचे सातारकर कुटुंब दिवाळीचा आकाशकंदील त्याच हुकावर लावते, ज्यावर मी महिनाभराने तारा लावतो. हूक आम्ही एकाच दुकानातून आणले.

ओसरी, तुम्हाला उपयोगी पडेल असे एक सांगतो. आमच्याकडे आगमन काळ, म्हणजे नाताळच्या तयारीचा काळ, नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतो, यंदा तो 30 नोव्हेंबरला आहे, आणि पुष्कळ घरे 6 जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत दिवे ठेवतात. तुमची माळ दिवाळीपासून त्या दिवसापर्यंत राहिली, तर कुणालाही वावगे वाटणार नाही. दिवे लावून सण साजरा करणारे आपण दोघेही आहोत, आणि इतक्या काळोख्या महिन्यांत गल्लीला त्याचा आनंदच होतो.

फ्यूजवाला

वसईचावारा यांच्या तारखांवरून एक महत्त्वाची गोष्ट आठवली. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत सणाच्या तात्पुरत्या रोषणाईला जास्तीत जास्त 90 दिवसांची मुदत आहे. 20 ऑक्टोबर ते 6 जानेवारी हे 78 दिवस होतात, म्हणजे ओसरींचा बेत नियमात बसतो. मात्र होळीपर्यंत माळा ठेवणाऱ्यांनी याचा विचार करावा. उन्हाने आणि वाऱ्याने वायरीचे आवरण झिजते, हे त्या मुदतीमागचे साधे कारण आहे.

शुश्रूषा

आतापर्यंत सगळे विजेबद्दल बोलले, म्हणून लिहिते आहे. मी रुग्णालयाच्या अपघात विभागात परिचारिका आहे. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवार-रविवारी आमच्याकडे शिडीवरून पडलेली माणसे येतात. टाच, मनगट, मणका, डोके. पहिल्या मजल्याच्या (इथे तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात) उंचीवरून पडलेल्या माणसाचेही आयुष्य बदलून जाते. त्यांतले बहुतेक जण धडधाकट असतात, आणि पुष्कळांच्या बाबतीत कारण एकच असते : शिडी सरकवायचा कंटाळा करून शेवटच्या दोन क्लिपांसाठी बाजूला वाकणे.

म्हणून नियम लिहून ठेवा. उंचीच्या चार फुटांमागे शिडीचा पाया भिंतीपासून एक फूट दूर हवा. छतावर उतरायचे असेल, तर शिडी छताच्या कडेच्या वर तीन फूट आलेली हवी. तीन अवयव, म्हणजे दोन पाय आणि एक हात किंवा दोन हात आणि एक पाय, कायम शिडीला लागलेले हवेत आणि पट्ट्याचे बक्कल शिडीच्या दोन दांड्यांच्या बाहेर जाता कामा नये. शिडी पन्हळीला टेकवू नये, ती वाकते आणि सरकते. भिंतीपासून शिडी दूर धरणारा आधार मिळतो, तो लावावा. खाली एक मोठा माणूस उभा असावा, आणि मुलांवर हे काम सोपवू नये. घरात येणारी विजेची तार जिथे आहे, तिथपासून किमान दहा फूट लांब राहावे. ॲल्युमिनियमची शिडी त्या बाजूला नेऊच नये, फायबरग्लासची वापरावी.

ओसरी, दुसऱ्या मजल्याबद्दल तुमच्या मनात आधीच शंका आहे. ती ऐका आणि तिथे चढू नका.

डॅलसचे_आकाश

शुश्रूषा यांच्याशी पूर्णपणे सहमत. आमच्याकडे उतार इतका तीव्र आहे की गेली काही वर्षे मी हे काम व्यावसायिकांकडून करून घेतो. ते लांबीच्या फुटावर दर सांगतात, माळा त्यांच्याच असतात, जानेवारीत येऊन काढून नेतात आणि पुढच्या वर्षी त्याच आणून लावतात. ठरवण्याआधी त्यांच्या कामगारांचा विमा आहे का, मध्येच दिवे गेले तर ते किती दिवसांत येतील आणि काढून नेण्याचे पैसे दरात धरले आहेत का, हे तीन प्रश्न लेखी विचारा.

परसदार

मला मात्र सगळेच परक्याच्या हाती सोपवणे पटत नाही. मुलांसोबत माळ उलगडणे, बल्ब तपासणे, कुंपणावर आणि झाडांवर ती गुंडाळणे यांतच तर सण आहे. छत सोडून द्या हवे तर. ओसरीचे कठडे, खांब, दारासमोरची झुडपे आणि पायवाट एवढ्यावरही घर पुरेसे सजते. पहिल्या मजल्याची पन्हळ तर खाली उभे राहून लांब काठीने साधता येते. काठीच्या टोकाला आकडा असतो, त्यात क्लिपेसकट माळ धरून वर चढवायची. सवय व्हायला थोडा वेळ लागतो, परंतु पाय जमिनीवर राहतात.

यारा_तीरी

मेलबर्नहून लिहिते आहे. आमच्याकडे डिसेंबरच्या अखेरीस सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे मुलांना दिवे पाहायला उशिरापर्यंत जागावे लागते. न्यू जर्सीत साडेचारलाच सूर्यास्त होतो, हे वाचून हेवा वाटतो. इथे माळेच्या आधी ट्रान्सफॉर्मर असतो आणि पुढे अगदी कमी दाबाची वीज जाते. ट्रान्सफॉर्मर बाहेरच्या वापराचा नसेल, तर तो छपराखाली कोरडा ठेवावा लागतो.

मिनेसोटाकर

यारा_तीरी यांच्या साडेचारवरून टायमरचे आठवले. ओसरी, उजेड कमी होताच आपोआप लावणारा आणि ठरलेल्या तासांनी विझवणारा टायमर घ्या, म्हणजे रोज बाहेर जाऊन प्लग लावायला नको.

खिडकीपाशी

आणि तो रात्री दहाला बंद होईल, असा लावा, अशी मी कळकळीने विनंती करते. आमच्या समोरच्या घरावर रंग बदलणारे दिवे पहाटेपर्यंत चालतात आणि माझ्या सासूबाईंच्या खोलीची भिंत रात्रभर लाल-हिरवी होत राहते. दिवे खाली किंवा स्वतःच्या घराकडे वळवावेत, प्रकाशझोत तर शेजाऱ्याच्या खिडकीवर कधीच सोडू नये. घरमालक संघाचे नियमही आधी वाचून घ्या. कधीपासून कधीपर्यंत दिवे चालतील, हे पुष्कळ ठिकाणी त्यात लिहिलेले असते. दिवाळीची तारीख त्यात नसेल, तर ऑक्टोबर उजाडण्याआधीच लेखी परवानगी मागावी. आमच्या संघाने ती एका पत्रावर दिली.

देवदार

थोडे अवांतर, परंतु विषयाला धरूनच. विजेच्या दिव्यांनी सजवलेले पहिले नाताळचे झाड 1882 मध्ये न्यू यॉर्कला एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांच्या घरात उभे राहिले. त्यावर लाल, पांढरे आणि निळे मिळून 80 बल्ब होते. कॅलिफोर्नियात अल्टाडेना येथे एका रस्त्यावरच्या झाडांवर 1920 पासून नाताळचे दिवे लागत आले आहेत, आणि ती झाडे आपल्या हिमालयातल्या देवदाराची आहेत. त्या रस्त्यावरून संध्याकाळी हळूहळू गाडी नेताना मला जो अभिमान वाटला, तो इथे सांगावासा वाटला.

सांजवात

देवदार, ही माहिती नवी आहे, धन्यवाद. फ्यूजवाले, दोन माळांच्या जोडावर चिकटपट्टी गुंडाळावी का? आमचे शेजारी गुंडाळतात.

फ्यूजवाला

मी गुंडाळत नाही. पट्टीखाली पाणी शिरते, पण बाहेर पडत नाही, आणि जीएफसीआय वारंवार तुटण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. जोड जमिनीपासून आणि पन्हळीतल्या पाण्यापासून वर टांगावा, प्लगचे तोंड खाली ठेवावे आणि सॉकेटकडे जाणाऱ्या वायरीला आधी खाली झोल द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी गळून पडते.

मिनेसोटाकर

इथे माझा थोडा मतभेद आहे. बर्फ वितळून पुन्हा गोठतो, तेव्हा उघड्या जोडात पाणी जाऊन बसते. पट्टी नको हे मान्य, परंतु जोडाभोवती मिटणारी प्लास्टिकची डबी मिळते. खालून पाणी जायला वाट असलेली डबी मी वापरतो आणि ती चांगली टिकली आहे.

फ्यूजवाला

तशी डबी असेल, तर माझी हरकत नाही.

ओसरी

तुमच्या सगळ्यांमुळे काल आम्ही मोजपट्टी घेऊन बाहेर पडलो. पुढच्या ओसरीच्या छताची कड 46 फूट आणि गॅरेजवरची 18 फूट भरली. दुसऱ्या मजल्यावर यंदा काहीही लावणार नाही, हे ठरले. सी-9 एलईडी, ऊबदार पांढरे, या दोन कडांवर काठीने लावू. कठड्यावर मुले लहान दिव्यांच्या माळा गुंडाळतील आणि आकाशकंदिलाच्या हुकावर नाताळात तारा चढेल. संघालाही पत्र लिहिले आहे. आता एकच अडचण : माळा 25 फुटांच्या मिळतात, आणि 46 व 18 यांपैकी काहीही त्यात नीट बसत नाही. उरलेला तुकडा कापता येतो का?

फ्यूजवाला

लहान दिव्यांची माळ कधीही कापू नये. त्यातले दिवे एकामागे एक जोडलेले असतात, हे वर लिहिलेच आहे. सी-9साठी मात्र नुसत्या खाचा असलेली वायर मोठ्या गुंडाळीत मिळते. तिच्यातल्या खाचा समांतर जोडलेल्या असतात, त्यामुळे ती हव्या त्या लांबीला कापता येते आणि टोकावर सरकवून दाबायचे प्लग बसवता येतात. कापलेल्या दुसऱ्या टोकाला बंद टोपण लावायला विसरू नका. खाचा एकेक फुटावर असतील, तर तुम्हाला 46 आणि 18 असे दोन तुकडे आणि 64 बल्ब लागतील. थोडे बल्ब जास्तीचे घ्या, कारण पुढच्या वर्षी त्याच छटेचे मिळतीलच, असे नाही. सॉकेट दाराशेजारी आहे, म्हणून दोन्ही तुकड्यांचे प्लगचे टोक दाराकडे ठेवा. आणि वर चढवण्याआधी सगळी ओळ जमिनीवर पसरून एकदा पेटवून पाहा.

मिनेसोटाकर

जानेवारीत काढताना माळ ओढू नका, क्लिपा थंडीत तुटतात. दुपारी ऊन पडलेले असताना एकेक सोडवा. प्रत्येक तुकड्याच्या प्लगला 'ओसरी' आणि 'गॅरेज' अशी चिठ्ठी बांधा, पुठ्ठ्यावर गुंडाळा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. गॅरेजमधल्या उघड्या खोक्यात ठेवलेल्या वायरी उंदीर आणि खारी कुरतडतात.

ओसरी

समजले. वायर, टोपणे आणि बल्बांची यादी केली आहे, शनिवारी दुकानात जातो आहोत. काठी शेजारच्या आजींकडे आहे, ती त्या देणार आहेत.